कुठली नळी, किती दिवस, कशासाठी?

आम्ही भाईंदरहून बोलतोय, बचत गटांच्या बायका. आजचा विषय लघवीचा आहे. घरात पुरुषमंडळी रेडिओ ऐकत बसली असतील तर बसू द्या, लघवी त्यांनाही होते.

आमच्या एका गटाची खजिनदार, आम्ही तिला ताईच म्हणतो. तिनेच सांगितलंय की गोष्ट सगळी सांगा, फक्त नाव घेऊ नका. गणपतीचं मखर काढायला ती पोटमाळ्यावर चढली, उतरताना शिडी सरकली आणि ताई पाठीवर पडली. कमरेच्या वरचा मणका मोडला. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण पाय गेले आणि लघवीची जाणीवही गेली. महिन्याभराने घरी आली ती चाकाच्या खुर्चीतून. लघवीच्या जागी नळी होती आणि नळीला बॅग. डिस्चार्जच्या कागदावर औषधं पानभर लिहिलेली होती. नळीबद्दल एक ओळ होती, तीही इंग्रजीत, आणि ती कोणी वाचली नाही.

त्यानंतर ताई गटाच्या बैठकीला येईना. आम्ही म्हटलं, बैठक तुझ्याच घरी घेऊ. ती नको म्हणाली. पासबुकं मुलाच्या हाती पाठवायची. आम्हाला वाटलं, धक्का बसलाय, सावरेल. खरं कारण तिने पुढे सांगितलं. बॅगेला वास यायचा, नळीच्या बाजूने लघवी झिरपायची, साडी ओली व्हायची. अशा अवस्थेत वीस बायकांमध्ये कशी बसू, असं तिला वाटायचं.

आता आमची चूक ऐका. तिला भेटायला गेलेल्या आमच्यातल्याच दोघी-तिघींनी सल्ला दिला की पाणी कमी पी, म्हणजे बॅग कमी भरेल आणि गळणारही नाही. ताईने ऐकलं. दिवसाला दोन पेले पाण्यावर आली. लघवी गडद झाली, गाळ धरू लागली. एका रात्री जेवणानंतर बॅगेत थेंब पडेना. ओटीपोट घड्यासारखं टणक झालं आणि हुडहुडी भरली. रात्री दोन वाजता रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेली. नळी गाळाने बंद झाली होती. साधी रबरी नळी, आणि ती बदलून दोन महिने होत आले होते. नवी नळी घातल्याबरोबर बॅग भरत गेली. मग ताप आणि आठवडाभर इंजेक्शनं.

तिथल्या डॉक्टर बाईंनी विचारलं, "हात चांगले आहेत, डोकं चांगलं आहे, मग ही नळी कायमची ठेवायला कोणी सांगितली?"

कोणीच सांगितली नव्हती. काढा असंही कोणी म्हटलं नव्हतं. आम्हाला तर लघवीच्या नळीचे प्रकार असतात हेच माहीत नव्हतं.

डॉक्टर बाईंनी तिला हाजीअलीला पाठवलं. तिथे केंद्र सरकारची पुनर्वसनाची जुनी संस्था आहे, १९५५ सालची. नाव मोठं, ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, पण लोक नुसतं हाजीअलीचं हॉस्पिटल म्हणतात. भाईंदरहून धडधाकट माणसाला दादरला गाडी बदलून महालक्ष्मीला उतरणं सोपं आहे. चाकाच्या खुर्चीवाल्या बाईला टॅक्सीच लागते, कारण रिक्षा तिथवर जातच नाही. टॅक्सीचे पैसे आम्ही वर्गणी काढून दिले. ताईबरोबर आमच्यातल्या दोघी गेल्या. तिथे आणि पुढे विचारपूस करून जे शिकलो ते आज सांगतो.

आधी मूत्राशय. ओटीपोटात रबरी फुग्यासारखी एक पिशवी असते. मूत्रपिंडं लघवी तयार करतात, ती थेंबथेंब या पिशवीत साठते. पाव ते अर्धा लिटर साठलं की मेंदूला निरोप जातो, आपण मोरीत जातो, पिशवी आवळते आणि दार उघडतं. हा निरोप मणक्यातल्या मज्जारज्जूतून जातो-येतो. मज्जारज्जूला मार बसला की निरोप तुटतो. मग कोणाची पिशवी आवळतच नाही, नुसती तुंबते. कोणाची उलट सतत आवळते, पण दार उघडत नाही. दोन्हींत धोका आहे. तुंबलेली लघवी मूत्रपिंडाकडे उलटी दाबली जाते, ती हळूहळू खराब होतात, आणि हे दुखत नाही म्हणून कळतही नाही. काही जणी ओटीपोट दाबून लघवी काढतात. डॉक्टरांनी तपासून सांगितल्याशिवाय तसं करू नका, त्या दाबानेही लघवी वर चढते. आणि कपडे ओले होतात म्हणजे पिशवी रिकामी झाली असं धरू नका. भरलेल्या घागरीतूनही पाणी सांडतंच, घागर भरलेलीच राहते.

हे फक्त मणका मोडलेल्यांचंच नसतं. जुना मधुमेह, पक्षाघात, बाळंतपणानंतर लघवी अडकणं, अंग बाहेर येणं, यातही पिशवी नीट रिकामी होत नाही. पुरुषांत प्रोस्टेट वाढली की तेच.

आता नळ्या. सगळ्यांच्या ओळखीची ती कायम ठेवायची नळी, फोली कॅथेटर. आत गेल्यावर तिच्या टोकाचा छोटा फुगा पाण्याने फुगवतात, त्यामुळे ती बाहेर येत नाही. म्हणूनच ती कधी ओढायची नाही. फुग्यातलं पाणी सिरिंजने काढल्यावरच नळी निघते, आणि ते काम नर्सचं. ऑपरेशननंतर काही दिवस, किंवा माणूस बेशुद्ध असताना, ही नळी हवीच. पण जितके दिवस आत राहील तितके जंतू वाढणार. रबरी नळी काही आठवड्यांत बदलावी लागते. सिलिकॉनची महाग, पण जास्त टिकते, काहींची तीन महिन्यांपर्यंत. तुमची नळी कशाची आहे आणि कोणत्या तारखेला बदलायची, हे घरी येण्याआधी विचारून घ्या आणि कॅलेंडरवर गोल करा. आम्ही गॅसच्या सिलिंडरची तारीख लिहितो तशी आता नळीची लिहितो.

बायकांनी एक गोष्ट मुद्दाम ऐकावी. नळीच्या बाजूने गळायला लागलं की घरचे म्हणतात, जाड नळी घाला. जाड नळीने मूत्रमार्ग आणखी सैल होतो, मग आणखी गळतं, मग आणखी जाड. आपला मूत्रमार्ग जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा, चारेक सेंटिमीटरचा. त्याला हे सोसत नाही. गळण्याचं कारण बऱ्याचदा दुसरंच असतं. नळी पिळलेली असते, गाळाने अर्धी बंद असते, पोट साफ नसतं, नाहीतर मूत्राशयाला पेटके येत असतात. ते आधी शोधायला सांगा.

दुसरी नळी घालून लगेच काढायची. लघवीच्या वेळी घालायची, पिशवी रिकामी झाली की बाहेर. दिवसातून चार ते सहा वेळा. आत काही राहत नाही, बॅग नाही, वास नाही. ताईला हीच शिकवली.

आमची पहिली शंका, दिवसातून पाच वेळा नळी घातली तर जंतू नाही का जाणार? तिथल्या सिस्टरने चांगलं समजावलं. पूर्वी डॉक्टरही असंच समजत, म्हणून ही नळी फक्त दवाखान्यात, हातमोजे घालून, निर्जंतुक करून घालत. १९७२ साली अमेरिकेत मिशिगनचे डॉक्टर जॅक लॅपिडस यांनी मांडलं की खरा शत्रू आहे ताणलेलं मूत्राशय आणि त्यात साचून राहिलेली लघवी. वेळच्या वेळी पूर्ण रिकामं होत राहिलं तर थोडे जंतू शरीर पेलतं. हात साबणाने स्वच्छ धुतले, नळी स्वच्छ असली, की माणूस घरच्या मोरीत स्वतःच हे करू शकतो. आज जगभर हीच पद्धत आहे. म्हणजे एखादी वेळ चुकवणं हे मोरी चकाचक नसण्यापेक्षा जास्त वाईट.

ताईला पहिल्या दिवशी जमलं नाही. आरसा धरला तरी जागा सापडेना. खरं सांगायचं तर आमच्यातल्या दोघींनाही सांगता येईना. दोन-दोन बाळंतपणं झालेल्या आम्ही, आणि लघवीची जागा नेमकी कुठे ते माहीत नाही! योनीमार्गाच्या वर, पुढच्या बाजूला ते बारीक छिद्र असतं. नळी चुकून योनीमार्गात गेली तर घाबरायचं नाही. ती तिथेच खूण म्हणून राहू द्यायची आणि दुसरी नळी तिच्या वर घालायची. हात धुवायचे, पुढून मागे असं पुसून घ्यायचं, नळीला जेली लावायची, हळू आत सारायची, लघवी सुरू झाली की आणखी जराशी, आणि थांबली की सावकाश बाहेर. जोर कधीच करायचा नाही. आठवडाभरात ताई आरशाशिवाय, नुसत्या बोटाच्या अंदाजाने करू लागली. हे एकदा नर्सकडून समोरासमोर शिकायचंच, रेडिओ ऐकून घरी सुरू करायचं नाही.

नळी घेताना केमिस्टला नंबर सांगावा लागतो. नंबर म्हणजे जाडी. मोठ्या बायकांना बहुतेक १२ किंवा १४ लागतो. टोकाचा रंगही सांगतो, १२ पांढरा, १४ हिरवा, १६ केशरी. बायकांची नळी आखूड मिळते, पुरुषांची हातभर लांब. आखूड मिळाली तर पर्समध्ये मावते. न मिळाली तर लांबही चालते, फक्त सांभाळायला अवघड. साध्या प्लॅस्टिकच्या नळीला वेगळी जेली लागते. भारी नळ्या पाणी लागलं की आपोआप गुळगुळीत होतात, त्यांना जेली नको, पण एकेका नळीला किंमत मोठी.

पैशाचं बोलू. समजा साधी नळी ३० रुपयांची धरली. रोज पाच वेळा नवी म्हणजे दीडशे रुपये, महिन्याला साडेचार हजार. ताईच्या नवऱ्याचा पगार तेरा हजार. पाकिटावर 'एकदाच वापरा' असं लिहिलेलं असतं आणि तेच उत्तम. पण आपल्याकडे न परवडणारी माणसं नळी धुऊन वापरतात, हे डॉक्टरांनाही माहीत आहे. म्हणून लपवू नका, सरळ विचारा, मला रोज नवी परवडत नाही, कसं करू? ताईला सांगितलं ते असं. वापरल्याबरोबर आतून-बाहेरून साबणाच्या पाण्याने धुवायची, भरपूर पाण्याने खळखळायची, झटकून हवेवर पूर्ण सुकवायची, झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवायची. कडक झाली, ढगाळ दिसली, चीर पडली की फेकायची. एकाची नळी दुसऱ्याला कधीही नाही. वरचेवर ताप-इन्फेक्शन होत असेल तर धुऊन वापरणं थांबवून डॉक्टरांकडे.

तिसरा मार्ग, ज्यांचे हात चालत नाहीत किंवा ज्यांना खाली नळी सोसत नाही त्यांच्यासाठी. बेंबीच्या खाली ओटीपोटाला छोटं छिद्र करून तिथून नळी मूत्राशयात घालतात. ऐकून काटा येतो, पण अंथरुणाला खिळलेल्या बाईला ती खालच्या नळीपेक्षा स्वच्छ ठेवायला सोपी पडते. तीही ठरावीक दिवसांनी बदलावी लागते. पुरुषांना कंडोमसारखी बाहेरून लावायची नळी असते. आपल्याला ती सोय नाही, म्हणून तर बायकांचा प्रश्न जास्त अवघड.

कोणती घ्यायची हे कशावर ठरवायचं? डॉक्टर मूत्राशय तपासून सांगतील, सोनोग्राफी करून आत किती लघवी राहते ते बघतील. पण दिवस कसा जातो ते तुम्हीच त्यांना सांगायचं. घरात उठवून बसवायला कोण आहे, हाताची पकड आहे का, संडास घरात की बाहेर, कामावर जायचंय का, रात्री मदतीला कोण. उत्तनच्या टोपलीवाल्या मावशीला एक नळी सोयीची पडेल आणि घरी बसून शिवणकाम करणारीला दुसरी. दवाखान्यात हे कोणी विचारलं नाही तर न विचारता सांगा.

ताईचा दिवस आता असा. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. पाणी दिवसभरात दीड-दोन लिटर, थोडं थोडं, आणि रात्री आठनंतर घोटभरच. पहिले काही दिवस मापाच्या भांड्यात लघवी मोजून वहीत लिहिली. एका वेळी ४०० ते ५०० मिलीपेक्षा जास्त निघाली तर मधलं अंतर कमी करायचं. खजिनदार असल्यामुळे वही तिची अगदी टापटीप, डॉक्टरही ती बघून खूश झाले. बाहेर जाताना एक कापडी बटवा. त्यात दोन नळ्या, जेली, कागदी साबण, पाण्याची छोटी बाटली, रुमाल.

ज्यांना बॅगवालीच नळी आहे त्यांनी एवढं सांभाळा. बॅग नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला टेकू द्यायची नाही. खुर्चीवरून उचलताना ती पोटावर ठेवतात, तेव्हा जुनी लघवी उलटी आत जाते. अर्धी-पाऊण भरली की रिकामी करायची. नळी मांडीला चिकटपट्टीने बांधायची म्हणजे ओढ बसत नाही. नळी-बॅगेचा जोड उगाच सोडायचा नाही. आणि पाणी भरपूर, हे आम्ही आता कान धरून सांगतो.

लघवी जरा गढूळ दिसली किंवा वास आला म्हणून स्वतःच्या मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. नळी असलेल्यांच्या लघवीत जंतू बहुधा सापडतातच, त्रास नसेल तर औषध लागत नाही. पण ताप, थंडी, कंबरेत कळ, रक्त, अचानक गुंगी, किंवा लघवी बंद, यातलं काही झालं तर त्याच दिवशी दवाखाना. छातीच्या वरच्या भागात मणका दुखावलेला असेल तर आणखी एक खूण लक्षात ठेवा. अचानक डोकं फुटायला लागतं, चेहरा लाल, दरदरून घाम. हे तुंबलेल्या मूत्राशयामुळे वाढलेलं बीपी असू शकतं आणि ते जिवावर बेततं. माणसाला लगेच बसवा, नळी पिळलीय का बघा, मूत्राशय रिकामं होईल असं करा आणि थेट दवाखाना गाठा.

आता आपलं, पाय चालतात त्यांचं. आमच्या गटात लोकलने अंधेरी-दादरला घरकामाला जाणाऱ्या आहेत, मासे विकणाऱ्या आहेत. सकाळी निघाल्यापासून संध्याकाळपर्यंत लघवीला न जाणाऱ्या कितीतरी. जागाच नाही म्हणून पाणीच प्यायचं नाही. ताईला दिलेला तो सल्ला आम्ही मुळात स्वतःच्याच आयुष्यातून काढला होता! मुंबईत २०११ साली 'राइट टू पी' ही चळवळ याच गोष्टीवर उभी राहिली. कोरोसारख्या संस्थांच्या बायकांनी वस्तीवस्तीतल्या मुताऱ्या मोजल्या आणि विचारलं, पुरुषांना फुकट आणि आम्हाला पैसे का? त्यातल्या मुमताज शेख यांचं नाव २०१५ मध्ये बीबीसीने जगातल्या शंभर बायकांच्या यादीत घेतलं. गावात हा प्रश्न बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, रोजगार हमीच्या कामावर येतो. तुमच्या ग्रामसभेत तो कधी निघालाय का? तीन-चार तासांनी लघवीला जाणं ही गरज आहे. नळी वापरणाऱ्या बाईला तर घड्याळाने दार उघडं मिळालंच पाहिजे, तेही खुर्ची आत जाईल एवढं रुंद.

ग्रामसभेत जाल तेव्हा आणखी एक विचारा. ग्रामपंचायत असो की महापालिका, स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो. आधी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या, मग लेखी अर्ज करा, पोच घ्या. अर्जात 'साहित्य' असं मोघम लिहू नका. नळ्या किती, महिन्याला खर्च किती, ते लिहा. मंजूर होईलच असं आम्ही म्हणत नाही, पण मागितल्याशिवाय नळी हाही खर्च आहे हे त्यांना कळणार नाही.

आमच्या गटाने ताईला अंतर्गत कर्ज दिलं, संडासाचं दार रुंद करायला आणि तीन महिन्यांच्या नळ्यांसाठी. वहीत कारण काय लिहायचं यावर वाद झाला. एकीने 'औषधोपचार' सुचवलं, एकीने 'घरदुरुस्ती'. ऑडिटला लेखापाल येतात, ते काय म्हणतील, असंही निघालं. ताईने वही स्वतःकडे ओढली आणि लिहिलं, 'लघवीच्या नळ्या व संडासाचं दार.' खाली आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.

बैठक पूर्वी चारला असायची. आता तिला सहाला आत जावं लागतं, म्हणून आम्ही ती साडेचार ते पावणेसहा अशी ठेवली आहे. पैसे मोजून झाले की ताई बटवा उचलते आणि जाते.